अर्धवट सोडलेलं पुस्तक मोजायचं की नाही? (आणि हरवलेल्याचं काय?)

फोंडेकरीण | ६ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, पण त्यावरून गेले पंधरा दिवस आमच्यात धुसफूस चाललीय, म्हणून इथे टाकतेय.

आम्ही पाचजणी, शाळेपासूनच्या. एक पणजीत बँकेत, एक म्हापशाची, एक मडगावला दिलेली, एक डिचोलीला शाळेत शिकवते आणि मी फोंड्याला. गेल्या नाताळात एकत्र जमलो होतो तेव्हा कोणीतरी म्हणालं, आपण बोलतो पुस्तकांबद्दल पण वाचत नाही. लागलीच पैज. जानेवारी ते डिसेंबर, प्रत्येकीनं २४ पुस्तकं. नवीन विकत घ्यायची नाहीत, एकमेकींच्या कपाटातलीच फिरवायची. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पणजीत भेटायचं, भाजीपाव आणि मिरची भजी खायची, पिशव्या बदलायच्या आणि घरी जायचं. नोंदीला एक दोनशेपानी वही: पुस्तक कोणाचं, कोणाकडे गेलं, कधी परत आलं. वही बँकवालीकडे. ती लाल पेनानं बाकी काढते, सवयच आहे तिला.

ज्यांची २४ होणार नाहीत त्यांनी मिळून बाकीच्यांना माशांचं जेवण घालायचं. इथेच सगळी गोची झाली.

मडगाववालीनं नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की तिची २४ झाली. खोदून विचारल्यावर कळलं की त्यातली सहा तिनं मध्येच टाकून दिलीत. तिचं म्हणणं, शंभर पानं वाचली म्हणजे मी लेखकाला पुरेशी संधी दिली. बँकवाली म्हणते खातं बंद झाल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. माझी १७ झालीत, तेव्हा मी गप्प बसले. पण तुम्हाला काय वाटतं?

दुसरं दुखणं माझं एकटीचं. महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण' मी फिरायला दिलं होतं. बाबांची प्रत. ऑगस्टमध्ये डिचोलीवालीकडे गेली ती गेलीच. ती शपथेवर सांगते की सप्टेंबरात मडगावला दिली, मडगाववाली म्हणते मला मिळालीच नाही, आणि सप्टेंबरात नेमकी बँकवाली आली नव्हती म्हणून वहीत नोंद नाही. विकत मिळेल हो दुसरी. पण बाबांनी त्यात समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवलंय. शास्त्रीबुवा सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे आणि आमचं मूळ घरही त्याच बाजूला. गावाचं नाव येतं तिथे बाबांनी लिहिलंय: 'आमचे घर येथून दीड कोस.'

---

काजूबोंडू | ६ डिसेंबर, रात्री ११.०२

अर्धं जेवून उठलात तर जेवलो असंच म्हणता ना? मग मोजा.

---

म्हादयकाठ | ६ डिसेंबर, रात्री ११.१०

@काजूबोंडू, अर्ध्या जेवणाचं बिल पूर्ण येतं, ते विसरू नका.

---

पुणेकर_नाइलाजाने | ७ डिसेंबर, सकाळी ७.१५

मी मूळचा पेडण्याचा, नोकरीमुळे पुण्यात. गेली चार वर्षं दरवर्षी ५२ पुस्तकं वाचतो. तक्ता करून ठेवलाय: पानं, भाषा, प्रकार, सुरुवात, शेवट. अर्धवट पुस्तक मी कधीही मोजत नाही. शिस्त नसेल तर आव्हान कशाला म्हणायचं? मैत्रिणींनी एकत्र वाचायचं असेल तर नियम आधी लिहून सह्या घ्यायला हव्या होत्या.

---

काजूबोंडू | ७ डिसेंबर, सकाळी ७.३१

हा माणूस पुण्यात नाइलाजाने गेला असेल, पण रमला मात्र मनापासून.

---

निवृत्त_मास्तर | ७ डिसेंबर, सकाळी ९.५०

फोंडेकरीणबाई, तुमचा पहिला प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दुसरा वाटतो. पण आधी पहिल्याबद्दल.

मी लहान असताना पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय आजच्यासारखं पाटोवर नव्हतं. मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं. आत शिरताना भिंतीवर त्या निळ्या पोर्तुगीज फरश्यांची चित्रं. जहाजं, दाढीवाले, लाटा. मामा मला घेऊन जायचा आणि स्वतः वर्तमानपत्रं वाचत बसायचा, तोवर मी चित्रंच बघायचो. पुस्तक वाचायला लागलो त्याला अजून अवकाश होता. म्हणजे मोजायचंच म्हटलं तर माझ्या खात्यात शून्य. पण ग्रंथालयाची गोडी मला त्या शून्यातच लागली.

हे ग्रंथालय १८३२ सालचं. तेव्हाचं नाव 'पब्लिका लिव्रारिया'. आता कृष्णदास शामांचं नाव आहे. गोव्यातल्याच केळशीचा माणूस. त्यानं कृष्णचरित्र लिहायला घेतलं १५२६ साली, म्हणजे येत्या वर्षी बरोबर पाचशे वर्षं होतील. तुम्हाला पुढच्या वर्षीच्या आव्हानाला निमित्त हवं असेल तर हे घ्या.

आता दुसऱ्याबद्दल. समासात लिहिलेलं पुस्तक फिरायला द्यायचंच नसतं. दिलंत, ते मोठ्या मनाचं काम. पण आता शोधायला लागा. वहीत नोंद नाही म्हणजे ते कुठेही गेलेलं नाही, ज्या घरात शेवटचं दिसलं तिथेच आहे. छत्तीस वर्षं शाळेचं वाचनालय सांभाळलं त्या अनुभवावरून सांगतो.

---

फोंडेकरीण | ७ डिसेंबर, सकाळी १०.२०

मास्तर, डिचोलीवालीनं सगळी कपाटं धुंडाळली म्हणते. जास्त ताणलं तर मैत्री तुटायची, म्हणून मीही ताणलं नाही. नमस्कार तुम्हाला.

---

रंगपट | ७ डिसेंबर, दुपारी १.०५

माझा एक प्रामाणिक प्रश्न. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होतं. यंदा माझ्याकडे दुसऱ्या अंकातल्या सासऱ्याची भूमिका आहे. ती संहिता मी तालमीत किमान साठ वेळा वाचलीय. ही साठ पुस्तकं धरायची की एक?

---

म्हादयकाठ | ७ डिसेंबर, दुपारी १.१२

पाठ झाली का?

---

रंगपट | ७ डिसेंबर, दुपारी १.१४

नाही.

---

म्हादयकाठ | ७ डिसेंबर, दुपारी १.१५

मग अर्धं.

---

जुवारीपार | ७ डिसेंबर, रात्री ८.४५

ऐकलेली पुस्तकं कोणी मोजतं का? मी मडगाव ते पणजी रोज गाडीनं जातो. जुना पूल होता तेव्हा कुठ्ठाळीला अशी कोंडी व्हायची की एका वर्षात मी ३१ पुस्तकं ऐकून संपवली होती. नवा जुवारी पूल झाला आणि माझं वाचन बसलं. यंदा फक्त नऊ. विकासाचे दुष्परिणाम आहेत हे.

गंमत सोडा, पण ऐकताना एक होतं. नावं कशी लिहितात ते कळत नाही आणि मागे जाऊन बघायचा कंटाळा येतो. एका कादंबरीतला नायक तीन आठवडे माझ्या डोक्यात 'शशी' होता आणि मुखपृष्ठ पाहिलं तर 'ऋषी'. तेव्हा मी ती मोजतो, पण वेगळ्या रकान्यात.

---

पावसाळी_कपाट | ८ डिसेंबर, सकाळी ८.३०

आज फेस्ताची (चर्चच्या सणाची) सुट्टी, त्यामुळे निवांत लिहिते.

पुस्तकं फिरवणाऱ्या सगळ्यांना एक सांगायचंय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर पुस्तक हातोहात फिरवणं म्हणजे त्याला ताप आणणं. आमच्या गटात (आम्ही सात आहोत, सगळे चोडणचे, पुस्तकं फेरीबोटीवर बदलतो) दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं प्रेमानं सगळ्या पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घातली. जुलै संपेपर्यंत कव्हराच्या आत बुरशी. आधीच दमट झालेलं पुस्तक बंद करून ठेवलं की ओल आतच राहते. बाहेरून पुस्तक चकचकीत, उघडलं तर बांधणीच्या आत हिरवट पावडर आणि जुन्या पेटाऱ्यासारखा वास.

आम्ही काय केलं ते सांगते. उन्हात टाकायचं नाही, पानं वाकडी होतात आणि पिवळी पडतात. दोरीवर टांगायचं तर नाहीच. पंख्याखाली उभं करायचं, पानं पंख्यासारखी पसरून. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशनं बुरशी झटकायची, आणि तीही घराबाहेर, नाका-तोंडावर फडकं बांधून, नाहीतर दुसऱ्या दिवशी शिंका. ओलं असताना पुसलंत तर बुरशी कागदात आत घासली जाते. मी पहिल्यांदा तेच केलं, एका पानावर अजून हिरवा डाग आहे. माझ्या आजीकडे कपाटात पावसाळाभर एक छोटा दिवा पेटता ठेवायचे, आत ऊब राहावी म्हणून. आता ते पिवळे दिवे मिळणं मुश्कील. नव्या बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या त्या दाण्यांच्या पुड्या मी जमवते. आणि ब्राउनपेपर बेस्ट, कागद श्वास घेतो.

आता आम्ही जूनमध्ये अदलाबदल बंदच करतो. जे हातात आहे ते पावसाळाभर. चार महिने एकच पुस्तक पुरवायचं म्हणून सगळे जाड घेतात. मी 'मृत्युंजय' घेतलं होतं. संपलं, आणि पाऊस शिल्लक होता.

---

कुळागरातला_भूत | ८ डिसेंबर, सकाळी ९.१०

'संपलं, आणि पाऊस शिल्लक होता.' वाखू (वाचनखूण) साठवली फक्त या वाक्यासाठी.

---

पुणेकर_नाइलाजाने | ८ डिसेंबर, सकाळी ९.४०

@पावसाळी_कपाट, उत्तम प्रतिसाद. पण यातून एक मुद्दा निघतो. 'मृत्युंजय' एक आणि 'बनगरवाडी'ही एक, हे कसं? पानांवर मोजा. मी तक्त्यात ३०० पानं म्हणजे एक एकक धरतो.

---

साष्टीकार | ८ डिसेंबर, सकाळी ११.२५

एकक! अहो, 'बनगरवाडी' वाचून मी दोन दिवस दुसरं काही हातात घेऊ शकलो नव्हतो. ते दोन दिवस कुठल्या रकान्यात टाकू?

असो. माझा मुद्दा वेगळा. एवढं सगळं वाचता, त्यात कोंकणी किती? गोव्यात बसून मराठी वाचनाच्या गप्पा मारतो आपण (मीही मारतो), पण शेजारची भाषा वाचत नाही. दामोदर मावजोंचं 'कार्मेलीन' घ्या. १९८३ साली साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी, देवनागरीतच आहे. पहिली तीस पानं अडखळाल, मग घरातलंच कोणीतरी बोलतंय असं वाटतं. आमच्या चौघांच्या गटात दर चौथं पुस्तक कोंकणी असा नियमच आहे. एकजण मूळचा सांगलीचा. तो सुरुवातीला मोठ्यानं वाचायचा, कारण डोळ्यांना कळायचं नाही ते कानांना कळायचं.

---

गावठी_पाव | ८ डिसेंबर, दुपारी १२.०५

कोंकणीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. क्रिस्तपुराण मराठी की कोंकणी?

---

काजूबोंडू | ८ डिसेंबर, दुपारी १२.०६

काडी पडली. संपादक मंडळ, बादली आणा.

---

निवृत्त_मास्तर | ८ डिसेंबर, दुपारी ३.३०

भांडण नको म्हणून थोडक्यात. मराठी ओव्या, मधूनमधून कोंकणी शब्द. आणि लिहिणारा इंग्रज. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, १६१६ साली पुराण छापून घेतलं राशोलला, तेही रोमी लिपीत. अकरा हजारांच्या जवळपास ओव्या. त्याच्या हयातीतल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज नाही. हातानं उतरवून घेतलेल्या प्रती घराघरांतून राहिल्या, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

बुरशीवाल्या बाईंना सांगतो, छापखाना हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो १५५६ साली गोव्यात. म्हणजे ओल्या कागदाशी आपली झटापट पावणेपाचशे वर्षांची आहे.

---

गावठी_पाव | ८ डिसेंबर, दुपारी ३.४१

मास्तर, मी नुसती काडी टाकली होती, तुम्ही समईच लावलीत. दंडवत.

---

फोंडेकरीण | ८ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

फेस्ताहून परत आले, हातात खाजं आहे, कळफलक चिकट झालाय. इतके प्रतिसाद! पण मूळ प्रश्नावर दोघं-तिघंच बोललेत. कृपया निकाल द्या, १३ तारखेला भेट आहे.

---

शेवटचं_पान_आधी | ८ डिसेंबर, रात्री ९.१५

मी सोडलेल्यांच्या बाजूनं बोलते, कारण मी अट्टल सोडणारी आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीनं आणि मी असंच आव्हान घेतलं होतं, वर्षाला तीस. ऑगस्टपर्यंत मी २२ वर होते आणि एक ऐतिहासिक कादंबरी हातात होती, जी मला एक कण आवडत नव्हती. पण सोडली तर आकडा हुकतो. मग काय, रोज रात्री दहा पानं, औषध घेतल्यासारखी. डोळे ओळींवरून जायचे आणि डोक्यात उद्याच्या डब्याची भाजी. त्या कादंबरीपायी दीड महिना दुसरं काही वाचलं नाही. संपवली. मोजली. आज त्यातलं एक पात्र आठवत नाही. घोडे पुष्कळ होते एवढंच.

त्याच वर्षी एक कवितासंग्रह मी निम्म्यात ठेवून दिला होता, पुढे वाचवेना म्हणून. वाईट होता म्हणून नव्हे, त्यात एक कविता आईच्या दुखण्यावर होती आणि तेव्हा आई दवाखान्यात होती. तो संग्रह मोजला नाही. नियमच तसा.

आता सांगा, मडगावच्या ताईंनी सहा सोडली त्यांतलं प्रत्येक कोणत्या कारणानं सोडलं, हे विचारलंत का?

---

फोंडेकरीण | ८ डिसेंबर, रात्री ९.५०

नाही विचारलं. विचारते.

---

पुणेकर_नाइलाजाने | ८ डिसेंबर, रात्री १०.०५

@शेवटचं_पान_आधी, तुमचा प्रतिसाद वाचून माझा तक्ता उघडला. २०२३ च्या ५२ पैकी अकरा नावं अशी आहेत की मी ती वाचली हे मला तक्त्यावरूनच कळलं. हे इथे कबूल करतोय, कृपया कोणी यावर विनोद करू नये.

---

काजूबोंडू | ८ डिसेंबर, रात्री १०.०६

करत नाही. माझी पाचच होतात वर्षाला.

---

बाबल्या_डिचोली | ९ डिसेंबर, सकाळी ६.५५

वर सगळे मोठे मोठे लिहून गेलेत, मी साधा माणूस. हरवलेल्या पुस्तकाबद्दल सांगतो.

बाई, पुस्तक ऑगस्टात डिचोलीला गेलं म्हणता. यंदा चवथ २७ ऑगस्टला होती. चवथीच्या आधी आठ दिवस आमच्याकडे कुठल्याही घरात वस्तू जागेवर नसते. कपाटं सरकतात, माळ्यावरचं खाली येतं, खालचं वर जातं. आमच्या जुन्या घरात तर गणपतीचा चौरंग दरवर्षी डुगडुगतो, कारण कोबा एका बाजूला खचलाय. दरवर्षी त्या पायाखाली काहीतरी सारावं लागतं. एकदा माझ्या पुतण्यानं माझं बँकेचं पासबुक सारलं होतं. तीन महिने शोधत होतो.

कपाटं बघून उपयोग नाही. त्यांना मखराच्या सामानाची पेटी उघडायला सांगा.

---

म्हादयकाठ | ९ डिसेंबर, सकाळी ७.३०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पासबुकाची जाडी ती किती? पुरलं होतं का?

---

बाबल्या_डिचोली | ९ डिसेंबर, सकाळी ७.४२

दोन होती. एक बायकोचं.

---

पावसाळी_कपाट | ९ डिसेंबर, सकाळी ११.००

हसू नका, हे शक्य आहे. आणि तसं असेल तर फोंडेकरीण, पुस्तक मिळाल्यावर लगेच पानं सोडवायला जाऊ नका. चवथीचं पाणी, फुलं, तेल सगळं आजूबाजूला असतं. पानं चिकटली असतील तर आधी पूर्ण सुकू द्या. आणि पेन्सिलीचं लिखाण आहे म्हणालात तर त्यावर ब्रशसुद्धा फिरवू नका, पुसलं जाईल. शाईपेक्षा पेन्सिल ओलीला टिकते, तेवढं एक बरं.

---

साष्टीकार | १० डिसेंबर, दुपारी ४.१५

तोवर पुढच्या वर्षाचं बोलूया? मास्तरांनी कृष्णदास शामांची पाचशे वर्षं सांगितली. मी एक भर घालतो. धर्मानंद कोसंबी साखवाळचे, जन्म १८७६. येत्या वर्षी दीडशे. त्यांचं 'निवेदन' हे आत्मकथन वाचनाच्या गटानं वाचायलाच हवं. 'बालबोध मेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा लेख हाती पडला आणि हा माणूस पुढे घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनपर्यंत गेला, पाली शिकला. एक लेख! त्यांच्या आव्हानाचा आकडा काय असेल?

---

जुवारीपार | १० डिसेंबर, संध्याकाळी ७.००

एकच. पण आयुष्यभर पुरवला. ('निवेदन' कोणाकडे आहे का? मी कोंडीत न अडकता वाचेन.)

---

रंगपट | ११ डिसेंबर, रात्री ११.५०

अवांतर: काल जत्रा झाली. दुसरा अंक पार पडला. तीन वाक्यं विसरलो, प्रॉम्प्टर आमचा पोदेर (पाववाला) होता, त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की टाळ्या त्यालाच पडल्या. मी हे पुस्तक अर्धंच मोजतोय. म्हादयकाठ यांचा निर्णय मान्य.

---

फोंडेकरीण | १४ डिसेंबर, सकाळी १०.१०

काल भेट झाली. क्रमानं सांगते.

बाबल्यांचा प्रतिसाद मी मंगळवारीच डिचोलीवालीला जसाच्या तसा पाठवला. आधी ती भडकली, 'माझ्या घरात देवाखाली कोण पुस्तक सारणार?' म्हणून. दोन तासांनी फोन. बोलतच नव्हती. मला वाटलं काही अशुभ. मग म्हणाली, 'गो, मिळालं.' माळ्यावर, मखराच्या पेटीत, पताकांच्या गुंडाळीखाली, शेजारी माटोळीच्या दोऱ्या आणि अर्धी उदबत्तीची पुडी. भाच्यानं चौरंग डुगडुगतो म्हणून हाताला लागेल ते सारलं होतं आणि विसर्जनानंतर सगळ्या सामानाबरोबर बांधून वर टाकलं. सप्टेंबरात मडगावला दिलेलं पुस्तक भलतंच होतं, तिची गफलत झाली. बाबल्या, तुम्हाला माझ्याकडून काजू.

काल तिनं ते टॉवेलात गुंडाळून आणलं, तान्ह्या बाळासारखं. मुखपृष्ठावर चौरंगाच्या पायाचा चौकोनी खळगा पडलाय, रुपयाच्या नाण्याएवढा, आणि तो आत चाळीस-पन्नास पानांपर्यंत जाणवतो, प्रत्येक पानागणिक कमी कमी होत. एका कडेला कुंकवाचा डाग. पावसाळी_कपाट ताई, तुमचं ऐकलं, काहीही पुसलं नाही. 'दीड कोस' जागच्या जागी आहे. आणि मला आजवर न दिसलेली एक नोंद दिसली. शास्त्रीबुवांच्या पत्नी सुधाताईंनी १९५५ साली म्हापशात सत्याग्रह केला आणि पोर्तुगिजांच्या तुरुंगात गेल्या, तो मजकूर आहे ना, त्याच्या बाजूला बाबांनी फक्त 'आई' लिहिलंय आणि खाली तारीख. कोणत्या अर्थानं, ते आता विचारायला कोणी नाही. मी हे पुस्तक तीनदा वाचलंय, म्हणजे माझ्या हिशेबानं तीनदा मोजलंय, आणि ते दिसलं नव्हतं.

आता मूळ प्रश्न. शेवटचं_पान_आधी यांच्या सांगण्यावरून मडगाववालीला सहाही पुस्तकांची कारणं विचारली. दोन कंटाळवाणी. एकाचा टाइप बारीक, चष्मा बदलायचा राहिलाय. एकात कुत्रा मरणार हे तिला चाळिसाव्या पानावर कळलं, तिचा स्वतःचा मे महिन्यात गेला. एक तिच्या सासूनं वाचायला घेतलं ते परतच दिलं नाही. आणि सहावं माझ्या आवडीचं होतं, ते का सोडलं यावर आमचं पाऊण तास भांडण झालं. भजी गार झाली. वर्षभरात एवढं बोललो नव्हतो कुठल्याच पुस्तकावर. पूर्ण केलेल्यांवर 'छान आहे' म्हणायचो आणि पिशवीत टाकायचो.

बँकवाली शेवटपर्यंत बधली नाही. सोडलेली मोजायची नाहीत. पण वहीत तिनं स्वतःच पट्टीनं एक नवा रकाना आखला: 'सोडले', पान क्रमांक आणि कारण. कारण लिहिलं नाही तर नोंद बाद. लाल पेनानं.

त्यामुळे मडगाववाली १८, मी १७, जेवण आम्ही दोघी घालतोय. नाताळानंतरच्या रविवारी, इसवण परवडली तर इसवण, नाहीतर बांगडे. २०२६ ची सुरुवात 'निवेदन'नं आणि एक कोंकणी. आकडा अजून ठरलेला नाही, म्हापशेकरणीला ३० हवीत, ती यंदा २६ वाचून बसलीय आणि सगळ्यांशी फटकून वागतेय.

---

पुणेकर_नाइलाजाने | १४ डिसेंबर, सकाळी १०.४५

'सोडले' रकाना तक्त्यात वाढवला. कारणासाठी जागा कमी पडतेय, रुंदी वाढवतो.

---

काजूबोंडू | १४ डिसेंबर, सकाळी १०.४७

इसवण असेल तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बांगडे असले तरी करा.

---

निवृत्त_मास्तर | १४ डिसेंबर, सकाळी ११.३०

फोंडेकरीणबाई, मी वाळपईच्या शाळेत सहा वर्षं होतो. आंबेडेही पायांखालून गेलेलं आहे. तिथून दीड कोसावर घरं आहेत ती मोजकी, मनात एक-दोन अंगणं येऊन गेली. नाव विचारत नाही.

ते पुस्तक मला एकदा वाचायला मिळेल का? समासात पेन्सिल लावणार नाही. फोंड्याला येऊन घेऊन जाईन. वहीत माझं नाव लिहा, रीतसर.

---

फोंडेकरीण | १४ डिसेंबर, दुपारी १२.१५

लिहिलं मास्तर. परतीची तारीख बँकवालीनं घातलीय: चवथीच्या आधी.